वायच बसा

मंदाताई, तुमचं ते बटण मी अजून काढलेलं नाही. काढणार होतो, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. मागच्याच महिन्यात आपलं फोनवर यावरून वाजलं होतं. मी म्हणालो, जे तुमच्याशिवाय कोणी दाबतच नाही ते ठेवायचं कशाला, पोरांना पडद्यावर नुसती अडचण. तुम्ही म्हणालात, "आसूं दे रे, काय खाता तुझा?" मी म्हणालो, बघतो. मग तुम्ही दवाखान्यात गेलात, पेशंट म्हणून, आणि भांडण अर्ध्यावर सोडून निघून गेलात. जिंकत आलेलं भांडण कुणी असं सोडतं का हो?

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. फोन वाजला की हात आधी उचलायला जातो आणि मग आठवतं. शुक्रवारी सकाळी कुवेतमधल्या खैतानच्या या फ्लॅटमध्ये मी चहा करतो, एसीचा आवाज ऐकत बसतो, पुण्याला फोन करतो. बायको म्हणते जेवलास का, मुलगा म्हणतो बाबा नंतर बोलू. मग सगळा दिवस उरतो. तो दिवस तुम्ही खाऊन टाकायचात, आणि तेव्हा मी त्याबद्दल कुरकुरायचो.

आपली ओळखसुद्धा भांडणातूनच झाली. करोनात पोरं घरात कोंडली गेली होती. मी बँकेत कंप्युटरवाला, संध्याकाळी हाताला काम नाही, म्हणून इथल्या आपल्या मराठी मंडळातल्या मुलांसाठी बुद्धिबळाची एक साधी साइट बांधली. कोणी साल्मियात, कोणी मंगफला, पण खेळतील एकत्र आणि शिकतीलही, एवढाच हिशेब. आणि एका दुपारी जहऱ्याहून फोन. ओळख नाही, पाळख नाही, एकदम सुरुवात: "रे, तुझ्या त्या बुद्धिबळात राजाक काय झालाहा? उडी मारीत नाय!"

मला वाटलं राँग नंबर. मग कळलं की तुम्ही जहऱ्याच्या हॉस्पिटलात सिनियर नर्स, करोना ड्युटीमुळे क्वार्टरमध्ये वेगळ्या ठेवलेल्या, आणि मुलांच्या साइटवर एका तेरा वर्षांच्या मुलीशी खेळताना हरला होतात. राजा कोपऱ्यात अडकवून निवांत बसला होतात, की शह बसायच्या आधी एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारून निघू. राजा उचलून ठेवलात, तो परत जागेवर. पुन्हा ठेवलात, पुन्हा परत. त्यात घड्याळ संपलं.

"अहो, राजाला अशी उडी नसते," मी म्हणालो.

"आमच्या घरात आसा."

"तो देशी खेळ झाला. जगात कुठेही चालत नाही."

"मगे तुझ्या साइटीन तसा सांगूक नको? नुसतो राजा परत नेऊन ठेवता. माका वाटला माझा बोट चुकताहा!"

मी पुणेरी माणूस, चूक मान्य करणं आमच्या रक्तात नाही. पण फोन ठेवल्यावर बसून विचार केला, आणि त्या आठवड्यात साइटमध्ये एक गोष्ट घातली. चाल चालत नसेल तर ती का चालत नाही, हे खाली एका ओळीत लिहून यायला लागलं. तुमच्या सूचनांचं खातं तिथे उघडलं. त्यानंतर तुम्ही मला सुखानं झोपू दिलं नाहीत.

ड्युटी संपली की हॉस्पिटलच्या बसमधून तुमचे आवाजी निरोप यायचे. मागे ड्रायव्हरचा रेडिओ, मल्याळी सिस्टरांचं हसणं, आणि त्यात तुमची सूचना. मुलाने चाल खेळायच्या आधी समोरचा काय करणार ते बोट ठेवून दाखवावं. चुकलं तर संगणकाने गप्प बसावं, पुढच्या चालीला ते आपसूक कळतंच. हरलेल्या डावातली अडचणीची जागा पुढच्या आठवड्यात त्याच मुलापुढे कोडं म्हणून पुन्हा यावी, हा तुझाच डाव आहे असं न सांगता. याला तुम्ही फॉलोअप म्हणायचात. डिस्चार्ज दिला म्हणजे माणूस बरा झाला असं नसतं, तसं एकदा चूक दाखवली म्हणजे मूल शिकलं असं नसतं, असं तुमचं म्हणणं. ते मी केलं, आणि चाललं ते. पोरं आपलीच जुनी चूक ओळखून "हे मी खेळलोय!" म्हणून ओरडायला लागली, इंग्रजीत का होईना.

सगळंच काही बरोबर नव्हतं हं तुमचं. मुलांनी प्रत्येक चालीचं कारण बोलून रेकॉर्ड करावं, ही कल्पना आठवते? कुकरच्या शिट्ट्या, आयांची "अरे दूध पिऊन घे", आणि एका घरातलं नवराबायकोचं अख्खं भांडण माझ्या सर्व्हरवर येऊन पडलं. ते मी त्याच दिवशी बंद केलं. तुम्ही पोट धरून हसलात, आणि तरी वर म्हणालात की त्या भांडणात बायकोचं बरोबर होतं.

खरी लढाई झाली ती पट्टीवरून. सगळ्या साइटांवर असते तशी मी पटाच्या कडेला एक उभी पट्टी ठेवली होती, पांढऱ्याचं पारडं जड की काळ्याचं ते क्षणाक्षणाला दाखवणारी. मला ती फार आवडायची. तुम्ही ती एकदा बघितलीत आणि म्हणालात, काढ. मी म्हणालो, का? तर म्हणे वॉर्डात नातेवाईक येतात ते पेशंटच्या तोंडाकडे बघतच नाहीत, मॉनिटरकडे बघत उभे राहतात. आकडा वर गेला की खूश, खाली आला की रडायला लागतात. पेशंट बिचारा बघत असतो, कोणीतरी माझ्याकडे बघेल का. "तुझी पोरां पटाकडे बघनत नाय रे, त्या पट्टीकडे बघतत," असं तुम्ही म्हणालात. मी तिथल्या तिथे वाद घातला, चार दिवस घातला. मग एका शुक्रवारी मुलं खेळत असताना नीट पाहिलं आणि पट्टी डाव संपेपर्यंत लपवून टाकली. तुम्हाला सांगितलं मात्र नाही. तुम्ही पाहिलंत आणि तुम्हीही काही बोलला नाहीत. तेवढी सभ्यता होती तुमच्यात.

आणि मग हे बटण.

तुम्ही सांगितलंत की तुमच्या घरी, कुडाळजवळच्या त्या गावात, हरलेल्याला एकट्याला सोडून उठायचं नाही असा दंडक होता. डाव संपला की हरलेला म्हणायचा, वायच बस. वायच म्हणजे थोडंसं, हे मला तुम्हीच शिकवलंत. मग जिथे आपलं बिनसलं असं हरलेल्याला वाटतं, तिथवर मोहरे मागे न्यायचे आणि पट फिरवायचा. आता जिंकणाऱ्याने हरलेली बाजू घ्यायची आणि तिथून वाचवून दाखवायचं. हरलेल्याला कळतं की तिथूनही वाट होती, आणि जिंकलेल्याला कळतं की समोरच्याची खुर्ची केवढी गरम होती. "आमचो बापूस फिरवल्याशिवाय उठूक देय नाय," असं तुम्ही कितीदा तरी अभिमानाने सांगितलंत. दुपारच्या वेळी ओसरीवर बापलेक पट फिरवत बसलेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे पक्कं झालं होतं.

कल्पना झकास होती, ते मी तेव्हाच कबूल केलं. पण मी म्हणालो, मंदाताई, ओसरीवर ठीक आहे. इंटरनेटवर जिंकलेला माणूस थांबत नाही हो. तो पुढच्या डावाला पळतो.

"थांबतत. माणसां थांबतत रे. कोणीतरी थांब म्हणूक व्हया."

बांधलं मी. त्यावर "वायच बसा" असंच लिहायचं, हा हट्टही पुरवला. हरलेल्याने ते दाबलं की जिंकलेल्याच्या पडद्यावर विचारणा जाते. पण मी एक मिनिटाची मर्यादा घातली. मिनिटात उत्तर नाही आलं तर विचारणा आपोआप बंद. यावर तुम्ही माझ्याशी दोन दिवस अबोला धरलात. बस म्हटल्यावर घड्याळ कशाला लावायचं, हा तुमचा मुद्दा. माझा मुद्दा असा की कुणी येणार नाही हे माणसाला लवकर कळलेलं बरं.

मुलांनी ते कधी दाबलं नाही. हरलं की पोरं चिडतात, जिंकलेल्याला कोण विनवणार? दाबायचात त्या तुम्ही, माझ्याशी हरल्यावर. मी कुरकुरत बसायचो. आपले बरेचसे शुक्रवार तसेच गेले. शुवैखच्या गॅरेजात गाडीचा रेडिएटर उघडा पडलेला, बाहेर धुळीचं वादळ, आणि मी मेकॅनिकच्या तेलकट स्टुलावर बसून फोनवर तुमची हरलेली बाजू वाचवतोय. घामाने बोट घसरून वजीर भलतीकडेच गेला तर तुमचं हसणं. वर्षातून तीनचारदाच काय ते आपण समोरासमोर भेटलो असू, मंडळाच्या गणपतीला किंवा तुम्ही बांगड्याचं तिखलं घेऊन खैतानला आलात तेव्हा. पण मला कुणी विचारलं की कुवेतमध्ये तुझं कोण आहे, तर मी तुमचंच नाव सांगितलं असतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. कशाला सांगायचं, तुम्ही डोक्यावर बसला असतात.

मी हरलो की मात्र लॅपटॉप मिटायचो. मग तुमचा निरोप यायचा, "पळालंस?" मी दाबावं म्हणून तुम्ही पुष्कळ डिवचलंत मला. मी म्हणायचो, मला नाही कोणाची विनवणी करता येत. तुम्ही म्हणायचात, "शिकवतंस पोरांक, तू कधी शिकतलंस?"

तुमच्या छातीत दुखलं आणि तुमच्याच हॉस्पिटलात तुम्हाला भरती केलं, ते मला तुमच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या सुसीसिस्टरने कळवलं. मी बँकेतून निघालो, ती संध्याकाळची गर्दी, जहरा काही येईना. तुम्ही उशाला टेकून बसला होतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक सिस्टरला सलाइन कसं लावलंय यावरून बोल लावत होतात. मी स्टुलावर बसलो आणि मॉनिटरकडे बघत राहिलो. तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. "माझ्या तोंडाकडे बघ रे. थंय काय माझो फोटो लावलोहा?"

मग बटणाचा विषय निघाला. काढू नको म्हणालात. आणि त्या दिवशी तुम्ही सांगितलंत की वॉर्डात पेशंट शेवटी शेवटी काय मागतात. पाणी नाही, गोळीही नाही. बंगाली असो, इजिप्तचा असो, इथला असो, आपापल्या भाषेत एकच म्हणतात, सिस्टर, जरा बस ना. इतक्या वर्षांत कितीजणांजवळ बसला असाल तुम्ही, ड्युटी संपल्यावर, बस चुकवून.

भेटीची वेळ संपली तेव्हा दारावरचा माणूस आत आला. सुसी म्हणाली, तुम्ही बसा, मी त्यांना सांगते, आमच्याच मॅडम आहेत. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "जा आता. मगे वाटेत आडाकशीत. उद्या ऑफिस आसा ना तुका?" मी म्हणालो, मग उद्या येतो. तुम्ही म्हणालात, "ये." आणि मी निघालो.

पहाटे सुसीचा फोन आला.

पुढचं सगळं तुमच्या सिस्टरांनीच केलं. कागद, शिक्के, इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना रद्द करणं, विमान. मी त्यांच्या मागे मागे नुसता फिरत होतो. विमानतळावर सुसी माझ्या शेजारी उभी राहून रडत होती, आणि मला रडायला आलं नाही म्हणून मला माझाच राग येत होता. रडू आलं ते घरी, चहाचं आधण ठेवताना.

तुमच्या भावाचा, सदाभाऊंचा, फोन दहाव्यानंतर आला. भला माणूस. सगळं नीट झालं म्हणाले, आभार मानले. बोलायचं काहीतरी म्हणून मी म्हणालो, तुमच्या वडिलांच्या बुद्धिबळाबद्दल ताई फार सांगायच्या, ते हरलेल्याशी पट फिरवून खेळायचे ना. सदाभाऊ म्हणाले, "कोण, बापूस? आमचो बापूस खंयचो फिरवता! हरलो तर पट उधळून टाकी, नि जिकलो तर उठान चलाक लागा. ताय एकटीच पटाकडे बसान राही. हयसून एक चाल करी, मगे उठान थंयसून एक करी. आये म्हणा, खुळावला ह्या चेडू."

मी फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिलो. म्हणजे दंडक नव्हताच. वडील जिंकले की उठून जायचे. तुम्ही लहानगी पोर एकटीच पट फिरवायचात, इकडून एक चाल, उठून तिकडून एक चाल. आणि एवढ्या वर्षांनी आम्हाला सांगताना त्या रिकाम्या जागेवर तुम्ही वडिलांना आणून बसवलंत. मला खोटं बोललात म्हणून राग यायला हवा होता. आला नाही. राग आला तो वेगळाच, आणि तो अजून गेलेला नाही. सगळ्यांना बस म्हणायला शिकवणारी बाई, माझ्याकडून ओव्हरटाइम करवून बटण बांधून घेणारी बाई, आणि त्या संध्याकाळी मला म्हणाली काय, तर जा आता!

काल शुक्रवार होता. साइट उघडली. आता तुम्ही नाही, तर खेळायचं कोणाशी? अनन्या होती, साल्मियाची, तीच, जिने तुमचा न उडणारा राजा पहिल्या दिवशी हरवला होता. आता कॉलेजच्या अभ्यासाला लागली आहे, खेळते झकास. मी डावाच्या मध्यावरच एक घोडा फुकट घालवला आणि हरलो. माझा हात सवयीने लॅपटॉपच्या झाकणावर गेला.

मग म्हटलं, बघू तरी. दाबलं.

मंदाताई, ते मिनिट मीच घातलं होतं ना? ते केवढं असतं ते मला पहिल्यांदा कळलं. पडद्यावर मीच लिहिलेली अक्षरं, "वाट पाहत आहे", आणि घरात एसीचा आवाज. अर्धं मिनिट गेलं तेव्हा मला लाज वाटायला लागली. त्याहून पुढे गेलं तेव्हा मी स्वतःशीच मोठ्याने म्हणालो, सांगितलं होतं ना, कोणी थांबत नाही. त्या वेळी तुम्ही जिंकू नये असं मला वाटत होतं, आणि जिंकावं असंही फार वाटत होतं.

मिनिट संपायला आलं आणि उत्तर आलं. "कमिंग अंकल. डोन्ट क्लोज. मम्मी कॉल्ड मी."

ती बसली. मी घोडा घालवला तिथवर मागे गेलो आणि पट फिरवला. माझी हरलेली बाजू तिच्याकडे, तिची जिंकलेली माझ्याकडे. तिने ती वाचवली हो. मला जिथे काही दिसलं नव्हतं तिथून तिने हत्ती काढला, आणि तो जिंकलेला डावही मी हरलो. म्हणजे एका संध्याकाळी एकाच डावात दोनदा हरलो. तुम्ही असतात तर मंडळाच्या गणपतीत माइकवरून सांगितलं असतंत.

मग आम्ही बोललो थोडं, लिहून. तिने विचारलं मंदा आंटींचं. मी सांगितलं काय झालं ते. ती म्हणाली, आंटी हरल्या की नेहमी हे दाबायच्या, मी नेहमी बसायचे. मला हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं तुमच्यासोबत बसणारा मी एकटाच. मी लिहिलं, थँक यू, तू थांबलीस, मला वाटलं होतं तू जाशील. तिने लगेच लिहिलं, "आय ऑल्वेज वुड हॅव स्टेड, अंकल. यू नेव्हर आस्क्ड."

ती गेल्यावर मी पहिलं काम ते केलं. मिनिटाची मर्यादा काढून टाकली. आता विचारणा तशीच उभी राहते, समोरचा येईपर्यंत. घ्या, जिंकलात तुम्ही.

पण पोरीने जे मला सुनावलं ते मी तसंच्या तसं तुमच्याकडे पाठवतो आहे, कारण ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त लागू आहे. दारावरच्या माणसाला सुसी सांगणार होती. स्टूल तिथेच होतं. ऑफिसचं काय, ऑफिस कुठे पळून जात होतं? तुम्ही नुसतं म्हणायचं होतं, मंदाताई. मी बसलो असतो.